जनकाबाईचा वारंगुळा

या, असे पुढं सरकून बसा. कीर्तनात मागं भिंतीला टेकून बसणाऱ्याच्या कानावर नुसते टाळ पडतात. पुढं बसणाऱ्याला बुवांचा श्वाससुद्धा ऐकू येतो, आणि खरं निरूपण त्या श्वासातच असतं. आजचं आख्यान देवाचं नाही, राजाराणीचं तर नाहीच नाही. वसमतच्या एका गोदामात बावीस वर्षं हळद निवडणाऱ्या जनकाबाईचं आहे. तिच्या मनात महिना-दीड महिना काय काय चाललं होतं तेवढंच सांगतो. पण उठाल तेव्हा रिकाम्या हातांनी उठणार नाही, हा माझा शब्द.

झालं ते असं. चैत्रातल्या एका दुपारी गोदामाचा मुकादम रतनसिंग तिला बायांच्या रांगेतून उठवून आत घेऊन गेला. आत नवं यंत्र येऊन बसलं होतं. पांढरं, उंच, दवाखान्यातल्या कपाटासारखं. ते बसवायला आलेला परमुलखातला माणूस हिंदीतून काही सांगत होता. रतनसिंग म्हणाला, "मावशी, चांगली कांडी कोणती अन् खराब कोणती, ते याला दाखवायचंय. अख्ख्या गोदामात तुमच्यासारखी नजर कुणाची न्हाई. दोन ढीग करून द्या बरं." आणि चहा मागवला, तो कपबशीतून. बावीस वर्षांत जनकाबाईनं गोदामाचा चहा कागदी पेल्यातून प्यालेला, तोही रांगेत बसल्या बसल्या, हळदीची पूड त्यात पडू नये म्हणून वर हात धरून. आज खुर्चीवर बसून बशीत ओतून प्याली. मग जीव ओतून कामाला बसली. कमी शिजलेली कांडी, म्हणजे हळकुंड, जी वरून सोन्यासारखी दिसते आणि मोडली की आत पांढुरकी निघते. जास्त शिजून काळवंडलेली. टोकाला किडीचं बारीक भोक असलेली. गट्टूचा, गोल गड्ड्याचा तुकडा असून कांडीचं सोंग घेतलेली. संध्याकाळपर्यंत तिनं असे ढीग केले की तो परका माणूस हात जोडून "माताजी" म्हणाला. मग त्यानं बटण दाबलं. हळद पन्हाळीतून घसरत आली आणि खराब कांडी आली की बारीक वाऱ्याचा फटकारा बसू लागला, फुस्स, फुस्स, ती बाजूला उडू लागली. जनकाबाई बघत राहिली. आपल्याच तोंडानं कुणीतरी न्हाई, न्हाई म्हणून राहिलंय, असं तिला वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, त्या घटकेला तिला कौतुकच वाटलं. बराबर ओळखतंय की लेकरू.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेतल्या अकराही बायांची बसायची बारदानं घडी करून दाराशी रचून ठेवली होती. रतनसिंग वाईट माणूस नव्हता. तो त्यांच्या नजरेला नजर देत नव्हता, यावरूनच कळत होतं. "वरून सांगितलंय," एवढंच तो म्हणाला. बाया बाहेरच्या लिंबाखाली उभ्या राहिल्या. कुणी रडलं नाही. पंधरा वर्षं जनकाबाईच्या उजव्या हाताला बसणारी भागूबाई, जिचा नवरा अर्धांगानं खाटेवर आणि घरात दुसरं कमावणारं कुणी नाही, ती भागूबाई पदर खोचत म्हणाली, "शिकिवलंस व्हय त्याला? अन् गुरुदक्षिणा काय घेतली गं जनके? एक कप?"

तो कप मग जनकाबाईच्या आत जाऊन बसला. घरी भाकरी थापताना, नळावर घागर भरताना, तो आपला तिथंच, बशीवर किणकिणत. तिचे हात तर ऐकतच नव्हते. ज्वारी निवडायला घेतली तरी बोटं कांडी शोधायची. टीव्ही बघता बघता अंगठा आणि मधलं बोट एकमेकांवर घासायची, कांडीचा खरखरीतपणा चाचपत. तळहाताचा पिवळा रंग उतरत चालला होता आणि त्या फिकट होणाऱ्या हातांकडं बघून तिला कावीळ बरी होणाऱ्या माणसासारखं हलकं वाटायला हवं होतं, पण वाटत होतं उलटंच. जणू बावीस वर्षांची ती स्वतःच रोज थोडी थोडी धुवून चालली होती. तिची लेक सपना अर्थशास्त्रात एम. ए. झालेली. दोन वर्षं कॉलेजात तासांच्या हिशोबानं शिकवलं, यंदा तास दुसऱ्याला गेले. आता सकाळी शिकवणी घ्यायची आणि दुपारी मोबाइलवर फॉर्म भरत बसायची. ती म्हणाली, "आई, पुस्तकात बेकारीचे प्रकार दिलेत."

"मग मी कोणत्या परकारातली?"

"तू यंत्रामुळं आलेल्या बेकारीतली."

"अन् तू?"

"मी सुशिक्षित बेकारीतली."

"बरंय माय," जनकाबाई म्हणाली, "एका खोलीत दोन परकार हाईत. परीक्षेला लांब जायला नको." दोघी हसल्या. हसता हसता जनकाबाईला दिसलं की सपनाच्या मोबाइलवरचा अंगठा वर-खाली, वर-खाली चाललाय, एकेक जाहिरात बाजूला सारत, आणि ती हालचाल अगदी आपल्यासारखी आहे. निवडतीय. पोरगी निवडतीय आणि तिला कुणी निवडत नाही.

आठव्या दिवशी ती गोदामाकडं गेली. काहून गेली ते तिलाही सांगता आलं नसतं. पाय गेले. लिंबाखाली हळदीच्या चार कट्ट्यांवर, भरल्या पोत्यांवर, एक म्हातारी बसली होती. कपाळाला बुक्का, गळ्यात माळ. कुरुंद्याच्या गंगूताई. नवरा विश्वंभर गावातल्या महादेवाचा पुजारी होता. तो गेला, पूजेपोटीची दीड एकर जमीन तेवढी राहिली. दर साली त्या चार-पाच कट्टे हळद इथंच निवडून मोंढ्यात, शेतमालाच्या बाजारात न्यायच्या. यंदा गोदामानं परत पाठवलं होतं. यंत्र म्हणे पन्नास कट्ट्यांखाली चालूच करत नाहीत, वीज परवडत नाही. न निवडलेला माल मोंढ्यात नेला तर बीटात, म्हणजे लिलावात, व्यापारी मूठभर हळद उचलणार, दोन कांड्या मोडणार, मिसळीचा माल म्हणून पडेल भाव पुकारणार. गंगूताई हे सगळं सांगत होत्या आणि एका कट्ट्याची शिवण उसवून खाली सांडलेल्या हळदीकडं जनकाबाईचे हात गेले होते. बोलणं संपेपर्यंत तिच्या पुढ्यात तीन ढीग झाले होते. तिचं तिलाच कळलं नव्हतं. नखात पुन्हा पिवळं भरलं होतं. सुख होतं ते, पण दुखल्यासारखं.

गंगूताईंनी एक कांडी मोडून वास घेतला. "असं निवडणारं माणूस घरी बसलंय व्हय? अगं, आमी कुरुंद्यात अकरा घरं हाओत, अशी रानाच्या तुकड्याची. चला की तुमी अकरा जणी. आपण वारंगुळा करू."

वारंगुळा जनकाबाईला माहीत होता. आज तुझ्या रानात आम्ही सगळे राबू, उद्या माझ्या रानात तुम्ही सगळे. पैसा मधे येत नाही, भाकरी ज्याचं रान त्याची. पण तो रानवाल्यांचा. "अन् आमाला काय?" तिनं विचारलं. "आमच्या रानात येणार का तुमी? आमचं रान म्हंजे घरासमोरची मोरी."

"तुमाला वाटा देऊ ना. बीट झालं की मालातला वाटा. आता हातात कुणाच्याच काही न्हाई बघ."

वाटा. तो एक शब्द ऐकला आणि लिंबाची सावली जनकाबाईच्या अंगावरून कुणी ओढून घेतल्यासारखं ऊन लागलं. तिचा आजा सुगीत खळ्याच्या कडेला घोंगडी पसरून उभा राहायचा. वर्षभर गावाची पडतील ती कामं केलेली, निरोप पोचवलेले, मेलेली ढोरं ओढलेली, आणि मग खळ्यावर वाटा, बलुतं, मालकाच्या हाताला येईल तेवढं, वरून "चल, हो बाजूला." तिनं हे पाहिलं नव्हतं, पण बाप सोनाजीनं इतक्यांदा सांगितलं होतं की ती घोंगडी तिला नातेवाइकासारखी ओळखीची होती. धम्माची दीक्षा घेतली त्या साली सोनाजी खळ्यावर गेलाच नाही. तेव्हा तो बारा-तेरा वर्षांचं पोरगं. आजा म्हणाला चल, पोरगं उंबऱ्यावर आडवं पडलं. त्या वर्षी घरानं अंबाडीचा पाला खाल्ला. पुढं सोनाजी खडी फोडायला गेला आणि पहिली रोख मजुरी मिळाली तेव्हा ती मुठीत धरून तळ्याच्या काठानं एकटाच हिंडला म्हणे. मजुरी म्हणजे त्याला नुसता पैसा नव्हता. काम संपलं, हात पुढं केला, मिळालं, तू तिकडं मी इकडं. कुणाच्या दारात उभं राहायचं कारण नाही. जनकाबाई त्या मोकळेपणाच्या कडेवर वाढलेली. आणि आता मजुरी देणाराच आत जाऊन दार लावून बसला होता आणि बाहेर एक माळकरीण बाई मायेनं म्हणत होती, वाटा घे.

गंगूताईंना तिच्या चेहऱ्यावरचं काही कळलं नाही. त्या आपल्या समजावत राहिल्या, "हे बघ, आमच्या सप्त्यात वीणा सात दिवस खाली टेकवत न्हाईत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. जो उभा त्याची वीणा. कुणाची मालकी न्हाई, कुणाची चाकरी न्हाई. तसंच करायचं."

"ताई," जनकाबाई उठत म्हणाली, "आमच्या गळ्यात कवा घातली तुमी ती वीणा?"

मंडळी, कीर्तन ऐकता ऐकता ज्यांचे डोळे भरून येतात, त्यांनी हा प्रश्न जरा वेळ कानात राहू द्यावा. जनकाबाई निघून आली आणि येताना तिला आपण जिंकलो असं अजिबात वाटलं नाही. रस्त्याच्या कडेला हळद घासणारे पॉलिशचे ढोल गडगडत होते, हवेत पिवळी धूळ, आणि तिच्या डोक्यात दोन आवाज एकमेकांवर घासत होते. बाप म्हणत होता, खळ्यावर जाऊ नको. आणि दुसरा, जो आवाज नव्हताच, ते तीन ढीग होते, म्हणत होते की हे काम कुणाचं? गोदामाचं होतं तर गोदामासोबत का गेलं नाही? ते तर तुझ्या बोटांत घरी आलं.

पुढचे चार-पाच दिवस असेच गेले. सपना फॉर्म भरायची, ती बघायची. एकदा मधेच म्हणाली, "तुझ्या पुस्तकात मजुरी असती, नफा असतो. तिसरं काही असतं का गं?"

"सहकार असतो," सपना म्हणाली. "पण तो एका मार्काला विचारतात."

"लिवायचं काय मग त्यात?"

सपनानं मोबाइल खाली ठेवला. आईनं तिला कधी असं विचारलं नव्हतं. "लिहायचं की राबणारे आणि मालक वेगळे नसतात. पण आई, खरं सांगू? सहकारातसुद्धा ज्याची जमीन त्याचंच नाव लागतं. ज्याचं नाव, त्याचं चालतं."

नाव. जनकाबाईनं तो शब्द कांडीसारखा बोटांत फिरवला. दोन्हीकडून पाहिला. मोडून पाहिला. आजाच्या घोंगडीत धान्य पडायचं तेव्हा तो माल कुणाचा हे आधीच ठरलेलं असायचं. म्हणून तो वाटा भीक व्हायचा. धान्य कमी पडायचं हे दुःख खरंच, पण ओंजळ वरून यायची हे त्याहून मोठं. तो माल जर घोंगडीवाल्याचाही असता? तर घोंगडी पसरावीच लागली नसती. इतकं साधं होतं आणि तिला ते कळायला पन्नाशी उलटावी लागली. त्या दिवशी तिनं दहा घरांची दारं वाजवली. बाया शंका काढत होत्या, एकमेकींकडं बघत होत्या, पण घरात बसून कंटाळलेले हात होतेच. भागूबाई शेवटी म्हणाली, "चल, तुझ्या पापाची फेड आमी बी करू."

कुरुंद्याच्या महादेवाच्या सभामंडपात, जिथं कीर्तन होतं तिथंच, दोन्हीकडची माणसं बसली. जनकाबाई उभी राहिली तेव्हा आवाज खणखणीत निघाला. तिला स्वतःलाच नवल वाटलं. ती म्हणाली की सगळ्यांची हळद एकत्र होईल आणि एकच लॉट मोंढ्यात जाईल. निवडायला आम्ही बसू आणि प्रत्येक घरातलं एक माणूस आमच्यासोबत बसेल, त्याच बारदानावर, पाणी त्याच माठातलं. "अन् लॉटवर नावं दोघींची लागतील. तुमच्या वतीनं गंगूताईचं, आमच्या वतीनं माझं."

तुकडेवाल्यांतल्या मालनबाईनं तोंडाला पदर लावला. "जमीन न्हाई, बैल न्हाई, अन् मालधनी व्हायचं? मग आमी काय फुकट नांगरलं व्हय गं?"

"फुकट कशाला? तुमी नांगरलं म्हणून हळद झाली," जनकाबाई म्हणाली. "पर हळदीचा माल आमच्या बोटानं होतो. तसाच न्या की मोंढ्यात. मी कुठं अडविलंय?"

वर घंटा वाऱ्यानं हलत होती पण वाजत नव्हती. गंगूताई खांबाला टेकून होत्या. त्या उठल्या, गुडघे धरत धरत मधोमध आल्या आणि जमिनीवर रिकाम्या बारदानावर मांडी घालून बसल्या. "दाखव बाई," त्या म्हणाल्या, "पांढुरकी कशी वळखायची?"

असं ते सुरू झालं. जनकाबाईनं बावीस वर्षांची नजर पुन्हा एकदा शिकवायला काढली, पण आता शिकवताना आत काही तुटत नव्हतं. मालनबाई तिसऱ्या दिवशीही गट्टूचा तुकडा कांडीत टाकायची आणि बाया म्हणायच्या, "मालनबाईला यंत्र लावा गं!" गंगूताई गुणगुणायच्या, रांग त्या लयीवर चालायची. जनकाबाईला ते सूर परके होते, आणि तरी हात त्यांच्यावर ठेका धरत होता. यात काही चुकतंय का, हे तिनं बापाला मनातल्या मनात विचारलं. रोज सकाळी जीपमधून उतरताना तिला वाटायचं, आज कुणीतरी म्हणेल माठ वेगळा ठेवा. एकदा मालनबाईच्या सासूनं डोळे वटारले होते. पण माठ जागचा हलला नाही.

हलली ती भागूबाई. पाचव्या दिवशी तिनं निवडता निवडता विचारलं, "बीट कवा?"

"वीस-बावीस दिवसांनी. अजून सगळ्यांची हळद वाळून यायचीय."

भागूबाईनं हातातली कांडी बराबर ढिगात टाकली. काम अर्धवट सोडणारी नव्हती ती. "जनके, नाव बेस मिळविलंस. पर नावानं चूल पेटती का? माझ्याकडं आजचं पीठ आजच येतंय. तुमी थांबू शकता. मला थांबता येत न्हाई." दुसऱ्या दिवशी तिची जागा रिकामी होती. ठेकेदाराच्या गाडीतून ती हैदराबादकडं बिगारीला गेली, खाटेवरच्या नवऱ्याला जावेकडं टाकून. जनकाबाईच्या उजव्या हाताला वारा लागू लागला. पंधरा वर्षं तिथं एक खांदा होता. तिला कळलं की सभामंडपात उभं राहून तिनं सगळं मागितलं होतं, नाव, बारदान, माठ, आणि रोजच्या पिठाचं मागायचं तिला सुचलंच नव्हतं. आजाच्या घोंगडीकडं बघता बघता शेजारच्या चुलीकडं बघायचं राहिलं होतं. यंत्राला शिकवलं ती चूक नादात झाली होती. ही तर शहाणपणात झाली. पण आता ती कपासारखी ही चूक आत ठेवून बसली नाही. दिवसभर निवडताना तिनं ती उलटीपालटी केली, आणि संध्याकाळी तिला पुढचं काय ते दिसलं होतं.

मोंढ्यात बीटाच्या दिवशी शेडखाली त्यांच्या हळदीची रास लागली तेव्हा आडतीवरच्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "माल कुणाचा?" गंगूताईंचं तोंड सवयीनं उघडलं. इतक्या वर्षांची सवय. जनकाबाईनं ते पाहिलं, आणि गंगूताईंनी ते मिटून घेतलेलंही पाहिलं. "लिवा," जनकाबाई म्हणाली, "गंगूताई अन् जनकाबाई."

"एक नाव सांगा बाई. जत्रा भरवू नका."

"दोन हाईत. जागा न्हाई तर बारीक अक्षर काढा."

कारकुनानं आता मान वर केली. मग लिहिलं. व्यापारी आले, मूठ उचलली, दोन कांड्या मोडल्या, पुन्हा दोन मोडल्या, आणि जो भाव पुकारला तो काही स्वर्गातला नव्हता, पण निवडलेल्या मालाचा होता, मोठ्या गोदामांच्या मालाला त्या दिवशी मिळाला तितकाच होता. बाया एकमेकींच्या पाठीत थापा मारू लागल्या. जनकाबाई मात्र उभी होती तशीच, राशीकडं पाठ करून. "वाटायच्या आधी एक ऐका," ती म्हणाली. "अकरा तुमी, अकरा आमी. बावीस वाटे होतील. भागूबाईचा पाच दिसांचा तिला जाईल. तिच्या वाट्यातला उरलेला बाजूला राहील, अन् दर लॉटमागं प्रत्येकीचा थोडा थोडा त्यात पडंल. जिला बीटापस्तोर थांबता येत न्हाई, तिला त्यातून रोजच्या रोज उचल."

"अन् भागूबाई न्हाईच आली तर?" मालनबाई म्हणाली.

"तर दुसरी कुणी येईल. थांबता न येणाऱ्या बाया काय कमी हाईत?"

मालनबाईनं पदर खोचला. मग म्हणाली, "माझा पयला घ्या. नंतर माझं मन बदलंल."

तर मंडळी, जनकाबाईची काळजी करू नका, तिच्यापुढं आता शेजारच्या सावंगीवाल्यांचीही हळद येऊन पडली आहे आणि रांग लांबली आहे. गंगूताईंचीही करू नका, त्यांचा पांडुरंग त्यांना पाहून घेईल. तुम्ही उद्या सकाळी घरच्या डब्यातली हळद चिमटीत घ्याल, तेव्हा एवढं करा: तिकडं हैदराबादला कुठल्या तरी उभ्या राहणाऱ्या इमारतीच्या माळ्यावर डोक्यावरून घमेली वाहणारी भागूबाई आठवा. तिचं नाव कुठल्याही लॉटवर लागलेलं नाही. ते तुम्ही ध्यानात धरा.